ताकाचा तांब्या

“...ते सगळं ठरलंय, बुवा. पण पायवाट कुठून काढू?”

उपेंद्रनं नकाशा मठाच्या ओट्यावर पसरला होता. वारा होता, म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले होते.

दौलतगीर बुवा तगरीखालची वाळकी पानं वेचत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी तिथंच होतो. मी शिंपी. माझ्या घरात उजेड नाही, म्हणून मशीन मठाच्या ओट्यावर ठेवलंय. शिवताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. त्यामुळं कोण काय बोललं ते मला नीट सांगता येतं.

उपेंद्र म्हणजे पोस्टातल्या अण्णा देसायांचा मुलगा. पुण्यात आर्किटेक्ट आहे. शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत बुवांकडं कलमं बांधायला शिकला, म्हणून अजून त्यांना गुरू मानतो. मानतो म्हणजे आल्या आल्या पाया पडतो आणि मग जाईपर्यंत स्वतःच बोलतो.

दोन वर्षांपूर्वी त्यानं गावातलं जुनं घर उतरवलं आणि तिथंच नवं बांधलं. पांढरं, चौकोनी, जमिनीपासून छतापर्यंत काचा. कुठल्याशा मासिकात त्याचा फोटो आला होता. ते मासिक त्यानं मला दाखवलं. दोनदा दाखवलं.

“घर एकदम आजचं झालंय,” तो म्हणाला. “बाग काही त्याला शोभत नाही. पहिल्यांदा सगळीकडं लॉन केली, ती नुसतीच हिरवी दिसायची. मग चाफे आणि पाम लावले, तर हॉटेल वाटायला लागलं. आता ही तिसरी. काळा दगड, गवताचे झुबके, मध्ये एक बुटकी भिंत. घराच्या रेषा कशा बागेत उतरल्यात बघा.”

बुवा हात झटकत आले. रेषा पाहिल्या.

“हे काय?”

“बाक. अण्णांना बसायला.”

“आणि हे?”

“दुसरा बाक. पहिल्यावर सकाळी ऊन येतं, म्हणून.”

“आणि हे?”

“...तोही बाकच आहे.”

मला हसू आलं. मी मान खाली घालून दोरा ओवत बसलो.

उपेंद्र मात्र हसला नाही. नकाशावरचा एक दगड उचलून उगाच हातात फिरवत राहिला. त्याचा आवाजच बदलला.

“बुवा, आठ महिने झाले, अण्णा घराबाहेर पडलेले नाहीत.”

बुवा त्याच्याशेजारी बसले.

“पाय सुजलेत. डॉक्टर म्हणतात रोज चाललं पाहिजे, नाहीतर अंथरूण धरतील. काठी आणून दिली. फिरवायला माणूस ठेवला. हाताला धरून नेलं तर दारापर्यंत येतात, बाहेर बघतात, ‘छान केलंयस’ म्हणतात... आणि परत खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसतात.”

“आई गेल्यापासून?”

“तेच तर. आई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा रडायचे, पण परसात जायचे, कामं करायचे. नव्या घरात आल्यावर हे सुरू झालं. काही दुखतंय का विचारलं तर नाही म्हणतात. माझ्यावर राग आहे का, तर तोही नाही.”

मघाशी हसल्याची मला लाज वाटली.

“म्हणून तिसऱ्यांदा करतोय हे सगळं,” उपेंद्र म्हणाला. “मासिकासाठी नाही करत. वळणावळणाची पायवाट करीन, एकही पायरी नाही, बाजूला धरायला दांडी. त्यांचं पाऊल वळेल अशी पायवाट मला सांगा. झाडं माझी मी बघतो.”

बुवांनी नकाशावर उडून आलेलं वाळकं पान उचलून बाजूला टाकलं.

“बागेला पाणी कोण घालतं?”

आता उपेंद्र खुलला.

“कोणीच नाही. फवाऱ्याचं यंत्र आहे. मोबाइलवर चालतं. मी पुण्यात बसून इथलं पाणी सोडतो. अण्णांनी जन्मभर बादल्या वाहिल्या, बुवा. कंबर गेली त्यांची. मी तेव्हाच ठरवलं होतं, घर बांधीन तेव्हा या माणसाला एक तांब्याही उचलावा लागणार नाही.”

यात खोटं काही नव्हतं. अण्णांच्या बादल्या सगळ्या गावानं पाहिल्यात.

सांडपाणी आम्ही सगळेच झाडांना घालतो, पण अण्णांच्या घरी त्याचं वेळापत्रक होतं. आंघोळीचं पाणी केळीला आणि अळवाला. तांदूळ धुतलेलं मोगऱ्याला. ताकाचं भांडं विसळलेलं कढीपत्त्याला. वहिनी एकेक भांडं मागच्या दारात आणून ठेवायच्या आणि “अहो, मोगऱ्याचं” एवढीच हाक मारायच्या. पोस्टातून दमून आलेला माणूस, डोक्यावरची टोपीसुद्धा काढायचा नाही, आधी ते भांडं उचलायचा. मी कपडे द्यायला जायचो तेव्हा डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही त्यांची थट्टा करायचो. मोगऱ्याची तार आली काय अण्णा, असं म्हणायचो.

घर उतरवलं तेव्हा ते परसही जेसीबीनं साफ झालं.

“घराला मागचं दार कुठाय?” बुवांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं.

“नाही ठेवलं. मागं सबंध भिंत आहे. मागं दार आलं की तिथं भांडी येतात, खराटा येतो, पसारा होतो. एकच दार, समोर.”

“आणि भिंतीच्या मागं?”

“काही नाही. सांडपाण्याची टाकी आहे, जमिनीखाली. नळ्या थेट तिच्यात सोडल्यात.”

बुवांनी बोट तिथंच ठेवलं...

उपेंद्र कंटाळला. “बुवा, मी बागेचं विचारतोय. घरातलं मला कळतं.”

मला वाटलं, आता बुवा त्याला चांगले सुनावणार. ते उठले, धोतराची धूळ झटकली.

“उद्या येतो तुझ्याकडं. ताक प्यायला.”

“या ना. पण तोवर पायवाटेचं...”

“ताक आंबट असू दे,” बुवा म्हणाले आणि पुन्हा तगरीखाली जाऊन बसले.

उपेंद्रनं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. मी बोलूनचालून शिंपी, मला काय विचारतो.

दुसऱ्या दिवशी मीही गेलो. बुवांच्या गुडघ्यांना उतारावर आधार लागतो, हे एक कारण. खरं सांगायचं तर मला ते घर आतून बघायचं होतं.

फाटकातून आत गेलो आणि बागेत एकदम पाणी उडायला लागलं. मी दचकलो. उपेंद्र दारात मोबाइल घेऊन उभा होता.

“बघितलंत केरबाकाका? बटण दाबलं की झालं.”

बाग सुंदर होती, नाही कशाला म्हणू. गवत गालिच्यासारखं सारखं कापलेलं. कुठं एक पान पडलेलं नाही. तिथं उभं राहिलं की हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

आम्ही पाय धुऊन आत गेलो. आत सगळीकडं पांढरी फरशी. माझ्या ओल्या पावलांचे दोन ठसे उमटले, तर उपेंद्रनं खिडकीतलं फडकं घेऊन लगेच पुसले. माझा अपमान करायचा त्याचा हेतू नव्हता. हातालाच सवय लागली होती. तरी मी पुढं चवड्यांवर चाललो.

“अण्णा, बुवा आलेत.”

आतल्या खोलीतून अण्णा आले. भिंत धरत धरत आले. पोस्टाची थैली घेऊन तीन वाड्या पायी हिंडणारा माणूस, आणि हॉलमध्ये यायला त्यांना एवढा वेळ लागला. पाय पायजम्याखाली फुगलेले दिसत होते. सोफ्यावर बसले आणि आमच्याकडं पाहून हसले.

“बरे आहात?” बुवांनी विचारलं.

“बरा आहे.”

“घर चांगलं झालंय.”

“हो. पोरानं फार केलंय माझ्यासाठी.” अण्णा उपेंद्रकडं पाहून बोलत होते, आणि ते मनापासून बोलत होते. “मला काही करावं लागत नाही आता. काहीच नाही.”

उपेंद्रच्या चेहऱ्यावर समाधान आलं. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं नाही. का ते तेव्हा कळलं नाही.

उपेंद्र स्वयंपाकाच्या ओट्याकडं गेला.

काचेबाहेर पाणी आपोआप बंद झालं.

उपेंद्रनं ताक आणलं. तांब्या, पाण्याचा जग आणि चार पेले. बुवांनी सगळ्यांना ओतून दिलं, स्वतः वरून प्यायले. तांब्या रिकामा झाला. मग त्यांनी समोरच्या जगातलं पाणी त्या तांब्यात घेतलं आणि तांब्या हातानं गोल गोल फिरवून विसळला.

“द्या, मी सिंकमध्ये ठेवतो,” उपेंद्र म्हणाला.

बुवांनी तांब्या दिला नाही. पांढुरक्या पाण्याचा तो तांब्या घेऊन ते अण्णांसमोर जाऊन उभे राहिले.

“अण्णा, हे कुठं ओतू?”

अण्णांनी तांब्याकडं पाहिलं.

“बुवा, ते सिंक...” उपेंद्रनं सुरुवात केली.

“मी अण्णांना विचारतोय.”

अण्णा तांब्याकडं बघतच राहिले.

“कढीपत्त्याला,” ते म्हणाले. मग म्हणाले, “पण कढीपत्ता नाही आता. काढला तो.”

बुवा तसेच उभे होते. तांब्या पुढं धरलेला.

मला तिथं बसवेना. मी उपेंद्रकडं पाहिलं. त्याचं तोंड उतरलं होतं. तो काहीतरी सांगू की नको अशा घोळात होता.

“अण्णा...” तो म्हणाला. “आहे. म्हणजे झाड नाही. मुळाला फुटवा आलाय. मागं, टाकीपाशी.”

“कधी?”

“पावसाळ्यानंतर. दोनदा छाटला मी. भिंतीजवळ बरा दिसत नव्हता. तरी पुन्हा आलाय.”

“केवढा आहे?”

“वीतभर. जास्तच असेल.”

“पाणी?”

“तिकडं नळी नेलेली नाही.”

“म्हणजे कोरडाच आहे,” अण्णा म्हणाले.

आणि उठले. सोफ्याच्या हाताला धरून, एकदा परत बसून, मग उठले. बुवांच्या हातातून त्यांनी तांब्या घेतला.

उपेंद्र पुढं धावला. “मी ओततो अण्णा, तुम्ही बसा.” बुवांनी नुसता आडवा हात धरला. तो थांबला.

पावलागणिक तांब्यातलं पाणी हिंदकळून फरशीवर पडत होतं. पण आता ते भिंत धरत नव्हते. दोन्ही हातांत तांब्या होता ना.

ते समोरच्या दाराकडं गेलेच नाहीत. स्वयंपाकाच्या ओट्याला वळसा घालून सरळ मागं गेले, पार टोकाला. तिथं पांढरी भिंत होती.

भिंतीपाशी गेल्यावर त्यांनी एक हात तांब्यावरून काढला आणि कडीसाठी वर नेला. चाळीस वर्षं त्या जागी कडी होती. जुन्या घराचं मागचं दार बरोबर तिथंच होतं.

हात भिंतीवर टेकला...

अण्णा हात भिंतीला लावून उभे होते आणि त्यांच्या पायाशी तांब्यातून पाणी ठिबकत होतं. उपेंद्रनं तोंडावर हात ठेवला होता. एवढी मोठी भिंत त्यानं स्वतः काढलेली, कागदावर आधी आणि नंतर विटांत, पण ती त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्यासारखा तो बघत होता.

“इकडून नाही, अण्णा,” तो कसाबसा म्हणाला. “समोरून जावं लागेल. लांब पडेल.”

“पडू दे,” अण्णा म्हणाले.

ते वळले. सबंध हॉल ओलांडून, समोरच्या काचेच्या दारातून बाहेर पडले. आठ महिन्यांनी. चप्पल घालायचंसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही. मी आणि उपेंद्र मागोमाग गेलो. बुवा आले नाहीत, ते तिथंच खाली बसले.

लॉनवरून, चाफ्यांच्या पुढून, घराला अर्धा वळसा घालून अण्णा मागं पोचले. वाटेत दोनदा दम खायला थांबले. उपेंद्रनं एकदाही हात धरला नाही. धरावासा त्याला फार वाटत होता, ते मला दिसत होतं.

मागं बोडकी जागा होती. थोडी खडी, टाकीचं झाकण, आणि भिंतीला लागून खरोखरच कढीपत्त्याचा फुटवा. वर कात्रीनं छाटल्याचे दोन काळे व्रण, आणि त्यांच्या बगलेतून नवी पानं.

तांब्यात आता घोटभर पाणी उरलं होतं. अण्णांनी वाकून ते बुंध्याशी ओतलं. तांब्या उपडा करून शेवटचा थेंब पडेपर्यंत धरला. मग एक पान चुरगळून वास घेतला आणि टाकीच्या झाकणावर बसले.

नकाशातले तीन बाक सोडून म्हातारा टाकीच्या झाकणावर बसला. मी यावर काहीतरी बोलणार होतो. उपेंद्रचं तोंड बघून गप्प बसलो.

“आज तांदूळ धुतले का?” अण्णांनी विचारलं.

“अजून नाही.”

“धुशील ते पाणी ठेव. मोरीत घालू नको.”

“अण्णा, मोगरा नाही आपल्याकडं आता.”

“ठाऊक आहे मला,” अण्णा म्हणाले. “तरी ठेव. आणि ठेवलंस की हाक मार.”

उपेंद्र त्यांच्यापुढं उकिडवा बसला. पांढऱ्या पँटला माती लागली, त्याकडंही त्याचं लक्ष नव्हतं.

“मला वाटलं, तुम्हाला आराम...”

“तुझं चुकलं नाही रे,” अण्णा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “मलाही तसंच वाटलं होतं. आराम झाला की बरं वाटेल, असंच मलाही वाटलं होतं. ...तुझी आई भांडं ठेवायची, मी उचलायचो. आमचं बोलणं तेवढंच व्हायचं दिवसभरात. ती गेल्यावर मी स्वतःच ठेवायचो आणि स्वतःच उचलायचो. इथं आलो, तर ठेवायचं कुठं तेच कळेना.”

हे त्यांनी आठ महिन्यांत कुणालाच सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांनाही ते नुकतंच कळलं असेल. उपेंद्रच्या डोळ्यांना धार लागली. माझ्याही लागली, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

थोड्या वेळानं उपेंद्र उठला. “तांदूळ भिजत घालून येतो,” म्हणाला.

“भिजत नको. धू आधी.”

“धुतो.”

मी त्याच्याबरोबर आत आलो. बुवा मघाच्याच जागी डोळे मिटून बसले होते. नकाशाची सुरळी त्यांच्याशेजारी पडली होती, ती कोणी उघडलीच नव्हती.

दारात उपेंद्र थबकला.

फरशीवर ताकाच्या पाण्याचे थेंब सुकायला लागले होते. पांढऱ्यावर पांढरे, पण उजेडात स्वच्छ दिसत होते. सोफ्यापासून निघून स्वयंपाकाच्या ओट्याला वळसा घालून ते मागच्या भिंतीपर्यंत सरळ गेले होते. भिंतीपाशी थारोळं झालं होतं. तिथून मग वाकडेतिकडे, विरळ होत होत, समोरच्या दाराकडं आले होते.

उपेंद्रचा हात सवयीनं खिडकीकडं गेला. फडकं घेऊन तो पहिल्या थेंबाशी वाकला.

“बुवा,” वाकल्या वाकल्याच तो म्हणाला, “बागेचं मग... काय करू मी?”

बुवांनी डोळे उघडले.

“फडकं ठेव, उपेंद्र. पायवाट आहे ती.”